चादरीचं दुसरं टोक

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. एक भली मोठी खोली आहे. छत उंच, भिंती ओलसर, आणि आत इतकी यंत्रं घरघरतायत की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. एका बाजूला गोल दारांची धुण्याची यंत्रं; त्यांच्या काचेआड फेस गरगर फिरतोय. दुसऱ्या बाजूला इस्त्रीचा लांबलचक रूळ. चुरगळलेली ओलसर चादर त्याच्या एका अंगाने आत जाते आणि दुसऱ्या अंगाने कोऱ्या कागदासारखी कडक होऊन बाहेर येते. ही लॉन्ड्री आहे. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांच्या चादरी, सगळ्या इथे येतात.

आता या खोलीच्या मधोमध दोन बायका समोरासमोर उभ्या करा आणि त्यांच्यामध्ये एक चादर ताणून धरा. एकीच्या हातात दोन टोकं, दुसरीच्या हातात दोन. एक जण "हं" म्हणते. दोघी एकदम झटका देतात, फट्‌ आवाज होतो, दोघी पुढे येतात, टोकाला टोक मिळतं आणि घडी होते. पुन्हा मागे, पुन्हा "हं". एकटीला ही चादर घडी करता येत नाही. करून बघा घरी. एक टोक तरी जमिनीवर लोळतंच.

या दोघी सख्ख्या बहिणी, एकाच घरात राहणाऱ्या. आणि बाजूला पिशव्यांच्या ढिगावर पाय दुमडून गृहपाठ करत बसलीय ती धाकटीची मुलगी. लॉन्ड्रीत तिला सगळे 'रुमाल' म्हणत, कारण तिथे धुवायला येणाऱ्या वस्तूंत रुमालाहून लहान काही नव्हतं. आता ती चांगली अकरा वर्षांची झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

दोघी बहिणींचा एक शिरस्ता होता. एकीला उशीर झाला तर दुसरी तिच्या वाटणीच्या पिशव्या उपसून ठेवायची. एकीची कंबर धरली तर दुसरी दोघींचं ओझं उचलायची. मुकादमबाई कधी विचारायची नाही, कुणाचं काम कुणी केलं. चादर घडी झाली ना, मग झालं. "एकीने केलं म्हणजे दोघींचं झालं," असं मावशी म्हणायची, आणि रुमालला ते फार आवडायचं. तिला वाटायचं, जगात सगळ्यांना अशी एक मावशी असायला हवी.

मग त्या वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या.

पहिली शाळेत आली. रुमालच्या वर्गातल्या मुलींना लस टोचणार होते. रुमालला सुईची इतकी धास्ती की लसीचं नाव काढताच ती धुवायच्या कपड्यांच्या पिशवीत शिरून बसली. नुसतं डोकं बाहेर.

दुसरी गोष्ट लॉन्ड्रीत आली. चहाच्या सुट्टीत एक नर्सबाई आल्या आणि त्यांनी कपडे निवडायच्या टेबलावर छोट्या छोट्या डब्या मांडल्या. प्रत्येक डबीत एक नळी आणि एक लांब काडी, टोकाला मऊ.

आता तुम्ही विचाराल, ही कसली डबी? लाजण्यासारखं यात काही नाही, म्हणून सरळ सांगते. बाईच्या पोटात बाळ वाढतं त्या पिशवीला गर्भाशय म्हणतात. त्या पिशवीला खाली तोंड असतं. काही बायकांना त्या तोंडाशी कॅन्सर होतो. पण तो एकाएकी उपटत नाही. आधी एक विषाणू येऊन तिथे मुक्काम ठोकतो. पुष्कळदा तो आपणहून निघून जातो, पण कधीकधी वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो आणि हळूहळू घर पोखरतो. तो आहे की नाही हे आधी कळलं तर डॉक्टर त्याने केलेल्या बिघाडाचा वेळेत बंदोबस्त करतात. आणि ते कळायला बाईने बाथरूमचं दार लावायचं, ती मऊ काडी लघवीच्या जागेमागच्या वाटेने आत घालून थोडी फिरवायची आणि नळीत घालून झाकण लावायचं. संपलं. मुलींना मात्र तो विषाणू मुळात गाठूच नये म्हणून लहानपणीच लस देतात. म्हणजे शाळेतली सुई आणि लॉन्ड्रीतली डबी, दोन्हींचा शत्रू एकच.

इस्त्रीच्या रुळावरच्या काकूंनी डबी उलटसुलट करून पाहिली. "अहो बाई, जन्मभर लोकांच्या चादरी तपासल्या, आता हेही तपासू?"

"चादरीवरचा डाग तुम्हाला लांबून दिसतो काकू," नर्सबाई म्हणाल्या. "हा दिसत नाही, म्हणून तर काडी."

"आणि माझ्याकडून चुकलं तर?"

"दात घासता ना रोज? त्याहून सोपं आहे."

"हिला दात तरी कुठे उरलेत!" मावशी म्हणाली, आणि सगळ्या खो खो हसल्या. काकू सुद्धा.

आई मात्र हसली नाही. ती डबीकडे बघत होती, भिंतीवर पाल दिसावी तशी. त्याचं कारण रुमालला ठाऊक होतं, अर्धंमुर्धं. तिची आजी, म्हणजे आईची आई, याच दुखण्याने गेली होती. रुमाल तेव्हा रांगत होती. आजीचं सगळं आईने केलं होतं, शेवटपर्यंत, आणि त्यावर ती कधी एक शब्द बोलत नसे.

त्या दिवशी घरी जाताना आई म्हणाली, "काय गं, सुईला घाबरतेस?"

"तू डबीला घाबरतेस."

आई चालता चालता थांबली. मग तिने हात पुढे केला. "चल, करार. तू सुई घे, मी डबी घेते. बरोबरीत."

"फसवायचं नाही?"

"फसवायचं नाही."

टाळी झाली. आणि रुमालने सुई घेतली बरं का! रांगेतली पुढची मुलगी रडत बाहेर आली, तेव्हा तर ती दोन पावलं मागे सरकली. पण तिने डोळे घट्ट मिटले आणि मनात म्हटलं, आईसुद्धा करणार आहे, आईसुद्धा करणार आहे. टोचलं. थोडं दुखलं. घरी येऊन तिने बाही वर करून सुजलेला दंड दाखवला, आणि आईने त्यावर फुंकर घातली.

"तुझं झालं?" रुमालने विचारलं.

"झालं की. ताईबरोबरच दिली नळी."

मावशी स्टोव्हपाशी उभी होती. तिने मान वळवली नाही. "झालं, झालं," ती म्हणाली. "एकीचं झालं म्हणजे..." आणि मग तिला एकदम खोकला आला.

रुमालला काही वावगं वाटलं नाही. का वाटावं? आई म्हणाली झालं, म्हणजे झालं. त्या रात्री ती दुखऱ्या दंडाच्या कुशीवर झोपली, मुद्दाम, म्हणजे मोठ्या माणसासारखं आपण काहीतरी केलं याची आठवण राहावी.

काही आठवडे गेले. एके दुपारी नर्सबाई पुन्हा लॉन्ड्रीत आल्या. एकेकीला त्या मागच्या छोट्या खोलीत बोलावत होत्या, जिथे फाटक्या चादरी रफूसाठी ठेवत. काकू आत गेल्या आणि नाचत बाहेर आल्या. "निर्मळ! माझ्या चादरीसारखी निर्मळ!" मग बहिणींची पाळी आली.

"एकेक या," नर्सबाई म्हणाल्या.

"आमचं दोघींचं एकच असतं," मावशी म्हणाली. "काय ते एकदम सांगा."

"आणि ही?" नर्सबाईंनी रुमालकडे पाहिलं.

"मी पण," रुमाल म्हणाली. "माझा करार आहे."

नर्सबाईंनी दोघींकडे पाहिलं, दोघींनी मान हलवली, तसं त्यांनी दार लोटून घेतलं आणि शांतपणे सांगितलं. दोन्ही नळ्यांमध्ये तो विषाणू सापडला होता. म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे, त्या दोनदा म्हणाल्या. फक्त आता दोघींनी दवाखान्यात यायचं आणि डॉक्टर भिंगातून नीट बघतील.

रुमालच्या कानात एकच शब्द राहिला. दोन्ही. म्हणजे आई पण. तिने आईकडे पाहिलं.

आणि मुलांनो, आईने काय केलं असेल? तिने झटकन मावशीचा हात धरला. "ताई, ताई, घाबरू नकोस हं. मी आहे ना." मावशीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, तिला पाणी देत होती, नर्सबाईंना विचारत होती, ताईला दुखेल का, ताईला रजा घ्यावी लागेल का. स्वतःबद्दल एक अक्षर नाही.

रुमालला वाटलं, माझी आई किती शूर आहे. स्वतःवर बेतलंय आणि काळजी बहिणीची करते!

संध्याकाळी मावशी लवकर निजली. आई भांडी घासत होती. रुमाल तिच्या पाठीला बिलगली, आणि दुपारपासून दाबून धरलेलं रडू एकदम फुटलं. "तू आजीसारखी जाऊ नकोस."

"अगं वेडे!" आईने फेसाच्या हातानेच तिला जवळ घेतलं. "मला काही झालेलं नाही. मला कुठे काय झालंय?"

"नर्सबाई म्हणाल्या ना, दोन्ही नळ्यांत..."

"अगं, दोन्ही ताईच्याच होत्या."

बोलून गेली आणि आईचा हात जागीच थांबला. नळ मात्र वाहत राहिला.

रुमालने तोंड वर केलं. तिला आधी काही समजलंच नाही. मग हळूहळू समजलं, कपड्यावर ओल चढावी तसं. "म्हणजे तुझी नळी..."

"मी गेले होते गं बाथरूममध्ये. खरंच गेले होते. काडी बाहेर काढली, आणि मला तुझी आजी दिसायला लागली. हात चालेना. ताई दाराबाहेर होती. ती म्हणाली, आण इकडे, मी करते दोन्ही. सख्ख्या बहिणी आपण, एका पोटच्या. एकीचं ते दुसरीचं." आईने नळ बंद केला. "तेव्हा बरोबर वाटलं. ताई ठीक, तर मीही ठीक."

"पण मावशी ठीक नाहीये."

आई घासलेलंच भांडं पुन्हा घासू लागली.

"मी सुई घेतली," रुमाल म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तू म्हणालीस फसवायचं नाही. मी रांगेत उभी होते तेव्हा मी मनात तुझंच नाव घेत होते. तू करणार म्हणून मी केलं."

"हो गं. चुकलं माझं."

"आणि माझ्या दंडावर फुंकर घातलीस. तेव्हा तुला माहीत होतं."

"बाळा..."

"मग पुढे दुसरी सुई घ्यायची आहे ना, ती मीही माझ्या मैत्रिणीला घ्यायला सांगते. दोन घेईल ती. एक तिची, एक माझी. आम्हीसुद्धा एका बाकावर बसतो."

आईच्या ओठांवर नकळत हसू आलं. तिने ते लगेच गिळलं, पण रुमालने पाहिलं होतं. ते हसू तिला सुईपेक्षा जास्त टोचलं.

"हे कुणाला बोलू नकोस हं," आई म्हणाली. "नर्सबाईंना तर नाहीच. सगळ्या लॉन्ड्रीसमोर नाक कापलं जाईल माझं. मी ताईबरोबर जाईन, आणि माझी पाळी आली की काहीतरी सांगून निसटेन. घरातलं घरात. शपथ?"

तिने हात पुढे केला. तोच हात, ज्यावर टाळी दिली होती. रुमाल त्याच्याकडे बघत राहिली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मावशीने रजा घेतली. आईच्या समोर चादर धरायला कुणी नव्हतं. अशा वेळी दुसरं टोक रुमाल धरायची, ढिगावर चढून, म्हणजे उंची पुरायची. आईने दोन टोकं तिच्याकडे केली. "हं," ती म्हणाली.

रुमाल वहीतून वर बघेना.

"ए रुमाल, आई बोलावतेय," काकू रुळापासून ओरडल्या. "कान धुवायला टाकलेस का गं?"

आई चादरीचं एक टोक हनुवटीखाली धरून एकटीच घडी करू लागली. दुसरं टोक जमिनीवर लोळलं, काळं झालं, आणि ती चादर परत धुवायला गेली. असं तीन-चार चादरींचं झालं. मुकादमबाई जवळ आली, तिने दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि ती स्वतःच टोक धरून उभी राहिली.

रुमालला वाईट वाटलं नाही का? वाटलं. पण तुमच्या कधी लक्षात आलंय का, की ज्याच्यावर आपला सगळ्यांत जास्त विश्वास, त्याने फसवलं की रागसुद्धा धड येत नाही? तिला एकच गोष्ट खात होती. मावशीच्या आत काय आहे ते आता कळलं होतं. आईच्या आत काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. आईलासुद्धा नाही. आणि आई तर गुणगुणत हिंडत होती, जणू आपण परीक्षेत पास झालो.

दवाखान्याचा दिवस आला. शाळेला सुट्टी होती, म्हणून रुमालही बरोबर. बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एकमेकींना जोडलेल्या. एक जण हलली की सगळ्या हलायच्या. कोपऱ्यात पाण्याचं यंत्र, मधूनच गुडगुड करणारं. मावशीला आत बोलावलं, तेव्हा तिने दोन्हीकडे पाहिलं, जणू कुणीतरी "हं" म्हणायची वाट बघतेय. मग एकटीच आत गेली.

थोड्या वेळाने नर्सबाई बाहेर आल्या. "चला, आता धाकटी."

आईने पदर सारखा केला. "अहो, आज नको. पाळी आलीय. पुढच्या महिन्यात येते ना मी."

इतकं सहज! रुमालने आईचा चेहरा पाहिला. डोळे सरळ, आवाज गोड. अगदी तसाच चेहरा, 'झालं की' म्हणताना होता तसाच. आता तिला तो ओळखता येत होता, आणि नसता आला तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

नर्सबाई मान हलवून वळल्या.

"ती नळी आईची नव्हती," रुमाल म्हणाली.

खुर्च्या हलल्या. समोरच्या दोन बायकांनी वर पाहिलं.

"काय गं?"

"दोन्ही मावशीच्या होत्या. आईने दिलीच नाही. ती घाबरली." रुमालचे कान तापले होते, पण ती बोलत गेली. "तिच्या पोटातलं कुणालाच माहीत नाही. माझ्या आजीला हेच झालं होतं."

आईने तिच्याकडे पाहिलं. तशी नजर रुमालने कधी पाहिली नव्हती. राग असता तर परवडलं असतं. "माझीच मुलगी," आई हळूच म्हणाली. "चार लोकांत?"

"फसवायचं नाही, हे तूच शिकवलंस," रुमाल म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण नजर तिने वळवली नाही.

नर्सबाई ओरडल्या नाहीत. त्या आईशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. "ताईची नळी निर्मळ निघाली असती तर?" त्यांनी विचारलं. "तुम्हीही निर्मळ म्हणून हिंडला असता. वर्षानुवर्षं. आणि आत काही असतं, तर ते आरामात वाढलं असतं. बहिणी असलात तरी शरीरं दोन आहेत ना?"

पाण्याचं यंत्र गुडगुडलं.

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि मावशी आली, पोटावर हात ठेवून, जरा वाकून. "एक कणभर तुकडा काढलाय तपासायला," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात कळेल. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, पण हात बर्फासारखे. मी म्हटलं, बाई, आमच्या रुळावर शेकून घ्या आधी." मग तिला तिघींचे चेहरे दिसले आणि तिचा विनोद वाऱ्यावर गेला. "कळलं वाटतं," ती म्हणाली.

"तू तरी मला अडवायचंस, ताई," आई म्हणाली.

"मीच तर तुला वाचवायला गेले." मावशी हळूहळू खुर्चीत टेकली. "चादर असती तर धरलं असतं गं दुसरं टोक. आत त्या टेबलावर झोपले ना, तेव्हा कळलं. तिथे एकटीनेच झोपावं लागतं."

नर्सबाईंनी खिशातून नवी डबी काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली. "बाथरूम त्या बोळाच्या टोकाला. घाई नाही."

आईने डबी मुठीत घट्ट धरली. मग उठली. बोळातून ती चालत गेली, भिंतीला एक हात लावून, आणि रुमाल तिच्या मागे गेली. बरोबरीने नाही. थोडं अंतर ठेवून. बाथरूमच्या दारात आई वळली आणि तिने हात पुढे केला. रुमालने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

"रुमाल?" आतून आईचा आवाज आला, बारीक, रांगेतल्या लहान मुलीसारखा. "आहेस ना गं बाहेर?"

रुमालचा राग अजून गेला नव्हता, आणि तो इतक्यात जाणारही नव्हता. ती दाराला पाठ लावून खाली घसरली, गार फरशीवर बसली, आणि आईला आत ऐकू जाईल अशी तिने दारावर बोटाने एक टिचकी मारली. मग अगदी हळू, ओठांतल्या ओठांत, म्हणाली,

"हं."